चिठ्ठी कोणाकडे जाते?

पावसानं ग्राउंडचा चिखल झाला की आमच्या भरती अकॅडमीतली सगळी पोट्टी एकाच टिनाच्या शेडमध्ये कोंबतात आणि संचालक साहेब मला म्हणतात, "सुभेदार साहेब, घ्या काहीतरी जीकेचं." जीके म्हणजे त्यांच्या लेखी राजधान्या आणि नद्या. दारव्ह्याकडचा मी, जन्म फौजेत गेला, मला कुठून येणार राजधान्या. मी सँड मॉडेल मांडलं, म्हणजे रेतीत लढाईचा नकाशा. इराकमधल्या मोसुल शहराचं.

सँड मॉडेल म्हणजे लोकांना पोरखेळ वाटतो. रेती चाळून घ्यावी लागते, जराशी ओली, नाहीतर उतार टिकत नाही. सुतळीनं नकाशासारखे चौकोन पाडायचे, रस्त्याला विटेचा चुरा, नदीला नीळ, हद्दीला चुना, घरांना काडेपेट्या. पण उत्तरेचा बाण सगळ्यात आधी, बाण नाही तर बाकीचं सगळं फुकट. आमच्या उस्तादानं बाण विसरला म्हणून एका हवालदाराला अख्खं मॉडेल मोडायला लावलं होतं. या वेळी मी प्रत्येक काडेपेटीत चार-पाच तुरीचे दाणे टाकले. ते सिव्हिलियन. मोसुलमध्ये सरकारनं पत्रकं टाकून लोकांना सांगितलं होतं की घरातच थांबा, आणि लोक थांबले.

आम रुख म्हणजे दिशा, जमीनी निशान म्हणजे ठळक खुणा, सगळं रीतसर सांगितलं. जून २०१४ मध्ये इसिस या दहशतवादी संघटनेनं शहर घेतलं, १७ ऑक्टोबर २०१६ ला इराकची परत घ्यायची मोहीम निघाली, जुलै २०१७ मध्ये संपली. बाहेरून लढणारे सगळे मिळून लाखाच्या घरात, आत इसिसवाले तीन ते पाच हजार, असा तेव्हाचा अंदाज. "मंग नऊ महिने काहून लागले सर?" एक पोट्टा म्हणे. यूट्यूबवर दोन रील पाहून जनरल झालेले असतात हे.

मी म्हटलं आधी पार्ट्या बघ. काळ्या वर्दीतली सीटीएस, म्हणजे काउंटर टेररिझम सर्व्हिस, दहशतवाद्यांशी लढणारी खास फौज, ती थेट तेव्हाचे पंतप्रधान हैदर अल-अबादींच्या हाताखाली. आर्मी संरक्षण खात्याची. फेडरल पोलीस गृहखात्याचे. कुर्दांची फौज पेशमर्गा, ते एर्बिलमधल्या त्यांच्या कुर्दी सरकारचं ऐकणार, तेही शहराच्या बाहेरच थांबणार. पश्चिमेला तल अफर गावाकडं हश्द अल-शाबी, म्हणजे बहुतेक शिया सशस्त्र गटांची आघाडी. वरून विमानं अमेरिकेच्या आघाडीची. या सगळ्यांवर मोहिमेचा कमांडर एक, लेफ्टनंट जनरल अब्दुल अमीर याराल्लाह. आणि कहर म्हणजे मोहीम सुरू झाली तेव्हा देशाला ना संरक्षणमंत्री ना गृहमंत्री, एकाला संसदेनं ऑगस्टमध्ये काढलेलं, दुसऱ्यानं जुलैतच राजीनामा दिलेला. दोन्ही जागा भरल्या जानेवारी २०१७ च्या शेवटी, तोवर पूर्व मोसुल घेऊनही झालं होतं. लग्नात मामा सहा आणि पंगतीत वाढायला कोणीच नाही, असला प्रकार.

पोलीस भरतीची एक पोरगी आहे, कधी तोंड उघडत नाही, ती म्हणे, "सर, सीटीएसवाल्याले बाजूच्या पोलिसाची मदत लागली त त्यानं कोनाले सांगाव?"

हाच तर सवाल आहे. म्हटलं खेळूनच बघू. एका पोराला बगदाद करून कोपऱ्यात बसवलं, तीन पार्ट्या केल्या, आपसात बोलायचं नाही, जे काय ते चिठ्ठी लिहून बगदादमार्फत. आत दुश्मन पार्टीची पाच पोट्टी, त्यांना एकच गोष्ट सांगितली, जिकडं मार नाही तिकडचे उचला आणि जिकडं आहे तिकडं न्या, कोणाला विचारायचं नाही. शिट्टी मारली. काळी पार्टी पूर्वेकडून सुसाट आत घुसली, बाकीचे चिठ्ठीची वाट पाहत उभे, पाचही जण काळ्यांवर तुटून पडले. बगदादच्या मांडीवर चिठ्ठ्यांचा ढीग आणि तो बिचारा एक एक वाचतोय. खऱ्या मोसुलमध्येही नोव्हेंबर-डिसेंबरात थोडंफार असंच झालं, सीटीएस पुढे, बाकीचे मागे, डिसेंबरच्या मध्याला गाडं थांबलं.

२९ डिसेंबरला परत निघाले ते सगळ्या बाजूंनी एकदम. फेडरल पोलिसांना पूर्वेच्या लढाईत आणलं, अमेरिकन सल्लागार पुढच्या तुकड्यांपर्यंत आले, हवाई हल्ल्याची मंजुरी खालच्या पातळीवर मिळायला लागली. २४ जानेवारीला पूर्व भाग मोकळा झाल्याचं जाहीर झालं. म्हणून दुसऱ्या राऊंडला मी प्रत्येक पार्टीत दुसऱ्या पार्टीचा एक पोट्टा बसवला, आणि बॉम्बची चिठ्ठी बगदादला न जाता शेजारच्याच पोराकडं. बॉम्ब म्हणजे विटेचा तुकडा.

काय भराभर सरकले लेकाचे! नीळ ओलांडून पश्चिमेत गेले. तिथं एका पेटीवर मी दोन काड्या उभ्या खोचल्या होत्या, दोन स्नायपर. चिठ्ठी लिहिली, शेजारच्यानं न वाचताच सही ठोकली, वीट पडली. काड्या गेल्या, पेटी चेपली, शेजारच्या पेट्याही, तूर रेतीभर उडाली. टाळ्या, शिट्ट्या. आणि ती पोरगी खाली बसून विचारते, "सर, हे दाने मोजाचे का?"

तेव्हा १७ मार्च २०१७ सांगितला. पश्चिम मोसुलचा जदीदा भाग, छतावर दोन स्नायपर, सीटीएसनं मदत मागितली, एक ५०० पौंडी बॉम्ब पडला. अमेरिकेच्याच चौकशीत किमान १०५ सिव्हिलियन मेल्याचं निघालं. इसिसनं घरात आधीच स्फोटकं ठेवली होती म्हणून एवढं घर कोसळलं, असं ते म्हणाले, तिथल्या लोकांना ते पटलं नाही. आणि खाली एवढी माणसं आहेत हे बॉम्ब मंजूर करणाऱ्याला माहीत नव्हतं.

मग जुंपली. सही करणारा पोट्टा म्हणे, "स्नायपर आपली मानसं मारून राह्यला, मी काय घरोघरी विचारत बसू?" ती म्हणे, "एका घराले त इचारता आलं असतं." कोणी ऐकेना. आमचे पीटीवाले सर, सीआरपीएफमधून आलेले, मधेच म्हणाले एकच कमांडर ठेवा, भानगडच नको. त्यांना प्रत्येक गोष्टीवर हेच औषध. अहो, याराल्लाह होताच की. सवाल एका माणसाचा नाहीच, पहिल्या राऊंडला चिठ्ठी वर जाऊन अडकत होती म्हणून पोट्टी मरत होती, दुसऱ्यात ती अडकलीच नाही म्हणून दाणे उडाले. फौजेत मी जन्मभर चिठ्ठी लवकर सुटावी म्हणूनच भांडलो. आता त्या पोरीला काय सांगायचं?

संचालक साहेब म्हणतात यातलं पेपरात काय येतं. काहीच नाही येत. पण पुढच्या पावसात तिसरा राऊंड घेणार आहे, सही तिची, आणि स्नायपरसमोर उभं राहायचं आजच्या सहीवाल्यानं. बगदाद पीटीवाले सर.