लॉस्ट इन स्पेस, अप्पा आणि माझा जेसीबी

रविवारी दुपारी ऊन असलं होतं की अक्कलकोट रोडला चिटपाखरू नव्हतं. कूलर लावला, पुतण्याला शेजारी बसवलं आणि लॉस्ट इन स्पेस लावला, १९९८ चा, माझी ही कितवी वेळ ते मोजणं मी कधीच सोडलंय. अप्पा पलीकडं खाटेवर पडले होते.

या पिक्चरला समीक्षकांनी तेव्हा धू धू धुतलं होतं. खरं तर टायटॅनिक सलग १५ आठवडे अमेरिकेत एक नंबरला होता त्याला खाली उतरवणारा पिक्चर हाच, पण पुढं गर्दी टिकली नाही आणि दुसरा भाग निघायचा होता तो पण राहिला. गोष्ट भरकटते म्हणतात, ते ब्लार्प नावाचं माकडासारखं पिल्लू नकली वाटतं म्हणतात. पिल्लाचं मला पटतं, ते खरंच चिकटवल्यासारखं दिसतं. बाकीचं नाही पटत.

कारण मला तो अंतराळाचा पिक्चर वाटतच नाही, तो एका कामात बुडालेल्या बापाचा पिक्चर आहे. २०५८ साल, पृथ्वीचे दिवस भरत आलेत, प्रोफेसर रॉबिन्सन सगळ्या जगासाठी नवीन ग्रहाची वाट उघडायला निघालाय, बायकापोरांना घेऊन, आणि त्याच्या बारक्या पोरानं, विलनं, घरात टाइम मशीनचं मॉडेल बनवलंय ते बघायला त्याला वेळ नाही. मग मोहिमेतल्याच डॉक्टर स्मिथची गद्दारी, यान सूर्याकडं ओढलं जातं, हायपरड्राइव्ह, म्हणजे एका उडीत लांब नेणारं इंजिन, ते मारून सूर्यातूनच पार होतात आणि कुठं पोचलो कुणालाच माहीत नाही. गॅरी ओल्डमननं स्मिथ काय केलाय, नुसता बोलतो तरी राग येतो. आणि त्यांच्या यानावरचा तो रोबोट, पिक्चरसाठी बाहुल्या बनवणाऱ्या जिम हेन्सनच्या वर्कशॉपनं खरोखरचा बनवलेला, म्हणून त्याचं वजन जाणवतं, पाऊल टाकलं की खाली जमीन आहे असं वाटतं.

मी हा पहिल्यांदा केबलवर हिंदीत बघितला तेव्हा सहावीत होतो. त्याच वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी सिरींज आणि सलाइनच्या नळ्या लावून जेसीबी केलता, पाणी ढकललं की पुढचा हात वर जायचा. अप्पा तेव्हा यंत्रमागावर होते, त्या आठवड्यात डबल पाळी, दिवाळीच्या आधी चादरीची ऑर्डर असली की सुट्टी मागायची सोयच नसायची. आई आली, अप्पा आले नाहीत. रात्री आले तेव्हा केसात कापसाचा भुगा होता, जेवता जेवता डोळे मिटत होते, मी जेसीबी कपाटावर ठेवून दिला.

त्यामुळं शेवटी जेव्हा भविष्यातला, मोठा झालेला विल समोर येतो, बाप आपल्याला टाकून गेला असं धरून बसलेला, एवढी वर्षं एकट्यानं ते मशीन बांधत राहिलेला, आणि बाप त्याच्यासमोर उभा राहतो, तेव्हा मला स्पेशल इफेक्ट कसे आहेत ते दिसतच नाही. मशीनमधून एकालाच जाता येणार असतं. तो स्वतः जात नाही, बापाला पाठवतो, लहानपणीच्या स्वतःकडं. ज्यांनी हा पिक्चर फालतू म्हणला त्यांनी हा सीन नीट बघितला नाही असं मला मनापासून वाटतं.

या वेळी त्या सीनला अप्पा उठून बसले होते. म्हणले, "एवढा मोठा झाला तरी बापावर राग धरून बसलाय होय?"

मी म्हणलं, "बाप परत आलाच नाही असं वाटतंय त्याला."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नावं यायला लागली, पुतण्या रिमोट शोधायला लागला तर म्हणले, "थांब रे. मी सुरुवातीला झोपलो होतो. ते पोरगं काय बनवतं ते बघायचंय, परत लाव."

पहिल्यापासून लावला.