कप्तान नको, तांडेल

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात जेवणानंतरचं सत्र म्हणजे सत्त्वपरीक्षा. पोटात मठ्ठा-जिलेबी, खोलीत अर्धवट अंधार, आणि पडद्यावर निळ्याशार समुद्रातलं पांढरं जहाज. खाली ओळ : ‘मुख्याध्यापक हा शाळारूपी जहाजाचा कप्तान’. सगळे माना डोलावत होते, त्यातले काही झोपेने. मी मात्र हे जहाज कुठल्या लाइनीवरचं असावं, या विचारात.

ही माझी जुनी खोड. आगबोटीचं काही दिसलं की मी कामातून गेले. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरं मी ओळीने म्हणून दाखवते, कुणी विचारलं नाही तरी. नेतृत्वाची प्रशिक्षणंही मला मनापासून आवडतात, हे शिक्षकखोलीत बोलायची मात्र सोय नाही. ‘नीपा’ या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या शालेय नेतृत्व केंद्राने त्यासाठी सात क्षेत्रं आखून दिली आहेत. स्वतःचा विकास आहे, संघबांधणी आहे, नवोपक्रम आहेत, प्रशासन आहे. सगळं पटतं. फक्त तो कप्तान पटत नाही.

कारण लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकणसेवक’ने गावी जाताना कप्तान मला कधी दिसलाच नाही. तो वर कुठेतरी. आम्ही खाली डेकवर, ट्रंका, वळकट्या आणि दुसऱ्यांच्या ओकाऱ्या सांभाळत. दिसायचा तो पडावाचा, म्हणजे बोटीवरून माणसं किनाऱ्याला नेणाऱ्या होडीचा, तांडेल. गावच्या बंदरात बोट धक्क्याला लागतच नसे, आत खोल पाण्यात उभी राहायची. रात्री भोंगा झाला की अंधारातून पडाव यायचे, बोटीच्या दाराखाली हेलकावे खात. लाट वर आली की पडाव दाराशी, ओसरली की पुरुषभर खाली. तांडेल एक पाय काठावर रोवून उभा. आजीला म्हणायचा, “थांबा... थांबा... आता!” आणि दंडाला धरून तिला अल्लद आत घ्यायचा. मग तान्ही मुलं हातोहात, मग ट्रंका, शेवटी आम्ही. त्याच्या तळहाताला मीठ आणि काथ्याचा खरखरीतपणा असे. त्याला दृष्टी-ध्येय वगैरे कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कधी ‘आता’ म्हणायचं, एवढं त्याला कळायचं. शाळेत दुसरं काय असतं?

असो. सत्र चालवणारे सुलभक पुढच्या मुद्द्यावर गेले होते : ‘संकटकाळातील नेतृत्व’. आणि मला ‘रामदास’ बोट आठवली. स्वदेशीच्या दिवसांतली ती ‘माझी आगबोट कंपनी’. ‘माझी’ म्हणण्याइतकी लोकांना आपली वाटलेली. तिची ही बोट. 17 जुलै 1947, गटारीचे दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तास-दीड तासाचा तर प्रवास. वाटेत वादळी पाऊस आला. एका बाजूने पाणी आत येऊ लागलं तशी माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला धावली, आणि काश्याच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. वाचले ते बहुतेक पट्टीचे पोहणारे.

स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या गडबडीत देशाने ही गोष्ट विसरून टाकली. रेवस-अलिबागकडच्या म्हाताऱ्यांनी नाही.

आमच्या शाळेला जिना एकच, तोही अरुंद. पावसाची मोठी सर आली आणि घंटा झाली की साडेपाचशे पोरं एकदम त्याच्याकडे धावतात. म्हणून जून ते सप्टेंबर, शाळा सुटताना मी मधल्या वळणावर उभी असते. ऑफिसात कोणीही येऊन बसलेलं असो, केंद्रप्रमुख असोत नाहीतर पालक. पाचवी आधी, मग सहावी, मग बाकीचे. दहावीची मुलं कुरकुरतात, रिक्षा जाते म्हणून.

कुरकुरू देत.