सनगनपासून गिम्बलपर्यंत : आमची वाटचाल

आमचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, लहान गाळा आहे पण काम बऱ्यापैकी चालतं. या धंद्यात मी शिरलो तो सनगन, म्हणजे शूटिंगचा हातातला झगझगीत लाईट, धरणारा पोरगा म्हणून. आमचे वस्ताद पॅनासॉनिकचा एमडी १०००० हा व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घ्यायचे, मी मागं वायर गुंडाळत आणि लोकांच्या पायातून सोडवत फिरायचो. कॅसेट साठ मिनिटांची, लाईट डोळ्यात जाणार, पाव्हणे वैतागणार, सगळं होतं. पण शूट फार हलायचं नाही, कारण कॅमेरा भला मोठा आणि निम्मा भार खांद्यावर.

खरी पंचाईत डीएसएलआरनं, म्हणजे लेन्स बदलायच्या फोटोच्या कॅमेऱ्यानं केली. २००८ ला कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला, मग हळूहळू आमच्याकडंबी लोक म्हणायला लागले की मागचं धूसर पाहिजे, पिक्चरसारखं पाहिजे. दिसायचं भारी पण हातात धरून चार पावलं चाललं की बघणाऱ्याला चक्कर. खांदा नाही, कॅमेऱ्याच्या बॉडीत हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, सगळा भार मनगटावर.

तेव्हा ग्लायडकॅम घेतला, कॅमेरा स्थिर ठेवायचा हातातला दांडा. त्यात मोटर नाही की बॅटरी नाही, खाली वजनं लावायची, वर कॅमेरा, आणि दोन्हीचा तोल हँडलच्या जरासा खाली आणायचा. मूळ कल्पना गॅरेट ब्राऊनच्या स्टेडीकॅमची, १९७० च्या दशकातली, त्याला अंगात घालायचं जॅकेट आणि स्प्रिंगचा हात असतो, आमच्याकडं नुसता दांडा. जमलं की असं तरंगायचं शूट की विचारू नका. पण सोलापूरचा मे महिना, कार्यालयात चारी बाजूंनी जंबो कूलर, त्याच्यासमोरून गेलं की वाऱ्यानं कॅमेरा आपोआप नवरदेवाकडून आचाऱ्याकडं वळायचा! एका हातानं पेलायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दिशा द्यायची, आणि वरातीत कुणाचा धक्का लागला की पुन्हा झुलत बसायचं.

२०१८ ला डीजेआयचा रोनिन एस आला आणि एका हातात धरायचा मोटरवाला गिम्बल आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आला. पॅन (डावी-उजवीकडं), टिल्ट (वर-खाली), रोल (बाजूला कलणं) अशा तीन मोटरी, आत सेन्सर, हात हलला की मोटर उलट्या बाजूला फिरून कॅमेरा सरळ ठेवते. आम्ही लगेच घेतला नाही, भाड्यानं आणून वापरत राहिलो. गिम्बलच पावणेदोन किलोच्या वर, त्यावर कॅमेरा आणि लेन्स, म्हणजे जवळपास तीन किलो हातात. सकाळच्या हळदीला पोरगं उड्या मारत शूट करायचं आणि संध्याकाळी वरातीत तोच पोरगा गिम्बल छातीला टेकवून उभा. कंपनी पेलोड, म्हणजे पेलायचं वजन, सांगते तो मोटरीचा, माणसाच्या मनगटाचा पेलोड कुणी सांगत नाही की ओ. तेव्हापासून आमच्यात ठरलं, जो धरणार त्यानं पसंत करायचं, मालकानं फक्त पैसे द्यायचे.

मग लॉकडाऊन. पन्नास माणसांत लग्नं, कमाईचं सोडा, पण हॉल मोकळा असल्यानं गिम्बल घेऊन नवरीभोवती पूर्ण गोल फिरता यायचं, हात बसला तो त्याच काळात. आणि कळलं की गिम्बल सगळं सांभाळत नाही. वाकडंतिकडं तो सांभाळतो, पावलाचा वर-खाली हेलकावा नाही, त्याला गुडघे वाकवून, टाच आधी टेकवून चालावं लागतं. आमचा पोरगा तसा चालायला लागला की करवल्या हसतात, हसू देत.

२०२० च्या शेवटी डीजेआयचा हलका गिम्बल आरएससी टू आला, सव्वा किलोच्या आसपास, तो आम्ही घेतला. त्यावर सोनीचा ए सेव्हन थ्री कॅमेरा आणि २० एमएमची वाइड लेन्स, दोन्ही मिळून किलोभर. प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स मुद्दाम, कारण झूम केलं की बऱ्याच लेन्सची नळी पुढं येते आणि तोल जातो. बॅलन्स करताना मोटर बंद ठेवायची, कॅमेरा वर आभाळाकडं करून सोडायचा, तिथंच राहिला पाहिजे, मग खाली, मग आडवा, आणि शेवटी अख्खा गिम्बल तिरका धरून पॅन बघायचा. एखादी बाजू हळूच घसरते आणि कार्यालयाच्या गडबडीत 'चालतंय की' म्हणून मोटर चालू करतात, मग मोटर घरघरते, गरम होते, ऐन वेळी बंद पडते. आणि वाइड लेन्सला कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आम्ही बंद ठेवतो, नाहीतर चालताना फ्रेमचे कोपरे लचकतात.

आता नवीन पोरांना पटत नाही ते सांगतो. निम्म्या लग्नाला गिम्बल लागतच नाही, मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड लागतो. अंतरपाट, अक्षता, सगळे खुर्च्यांवरून उठलेले, तिथं तुम्ही तरंगत कुठं जाणार? आमच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाची लग्नं भरपूर, मुहूर्ताला नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा गोळा ठेवतात, मध्ये पडदा. तो क्षण बोटांचा आणि डोळ्यांचा, ८५ एमएमची लांबून जवळचं दाखवणारी लेन्स लावून मोनोपॉडवर गप उभं राहायचं, जागा आधीच धरायची आणि भटजींना 'अण्णा, जरा इकडं सरका' म्हणून ठेवायचं. मोनोपॉडची कुणी रील बनवत नाही म्हणून त्याला किंमत नाही, एवढंच.

गिम्बलची जागा वरातीत, नवरीच्या एंट्रीला आणि पाठवणीला. तिथं त्याला तोड नाही.

आता दुसरा गिम्बल घ्यायचाय. पोरगं डीजेआयचाच आरएस फोर म्हणतंय, तीन किलो पेलतो म्हणून. मला आरएस थ्री मिनी बरा वाटतो, गिम्बल किलोच्या आत आणि पेलोड दोन किलो, आमचा सेटअप त्यात आरामात बसतो. पण धरणार तो, त्यामुळं दोन्ही भाड्यानं आणून एकेका वरातीत फिरवायचे ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरूच होतोय.