सिकलसेल माहीत आहे, पण गायब झालेल्या तुकड्याचं काय?

नागपुरात सिकलसेल म्हणजे काय हे कोणाला सांगत बसावं लागत नाही. एएस पॅटर्न (वाहक), एसएस पॅटर्न (आजार असलेला) हे शब्द विदर्भात घराघरात पोचले आहेत, आणि डीएनएमधलं एकच अक्षर बदलल्यानं हा रक्ताचा आजार होतो हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्यामुळे जेनेटिक आजार म्हणजे अक्षराचीच चूक असं डोक्यात बसून गेलंय न, ते मला खटकते.

डीएनएचे अख्खे तुकडे गायब होतात (डिलीशन), डबल होतात (डुप्लिकेशन), उलटे बसतात (इन्व्हर्जन). साधारण ५० अक्षरांपेक्षा मोठा बदल असला की त्याला स्ट्रक्चरल व्हेरिएशन म्हणतात. आपल्या सिकलसेलच्या पेशंटमध्येच बघा, बऱ्याच जणांत सोबत अल्फा थॅलेसेमिया असतो, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं अल्फा ग्लोबिन कमी बनते. अल्फा ग्लोबिनचे जीन एकूण चार, सोळाव्या क्रोमोझोमच्या जोडीत प्रत्येकावर दोन, शेजारी शेजारी आणि जवळपास सारखे, म्हणून बीजपेशी बनताना क्रोमोझोमची अदलाबदल होते तेव्हा जुळणी चुकते आणि एकाकडचा ३,७०० अक्षरांचा तुकडा जातो अन् दुसऱ्याकडे तोच जास्तीचा येतो. एसएस पेशंटमध्ये ही डिलीशन असली तर लाल पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन थोडं बरं राहते. दुखण्याचे अटॅक मात्र त्यानं कमी होतीलच असं नाही, रक्त घट्ट होते म्हणून.

सिकलसेल नसलेल्यांनाही हे लागू आहे. दोन अल्फा जीन गेलेल्या माणसाचा एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी टेस्ट) नॉर्मल, मग लोहाची कमतरता समजून गोळ्या सुरू राहतात. बापा, आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तर बघा!

तुकडा उलटा बसला की अजूनच कठीण. हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) गंभीर असलेल्या जवळपास ४५ टक्के पेशंटमध्ये रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठच्या जीनचा मोठा भाग उलटा झालेला असतो, एक्झॉन (जीनमधले प्रथिनाची माहिती असलेले भाग) सगळे शाबूत, त्यामुळे एकेक एक्झॉन वाचणाऱ्या टेस्टला काहीच सापडत नाही, आणि पोराचं रक्त तर थांबत नाही.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास तसाच असला तर डॉक्टरांना सरळ विचारा, या टेस्टमध्ये डिलीशन, डुप्लिकेशन, इन्व्हर्जन दिसतात का? अल्फा थॅलेसेमियासाठी गॅप पीसीआर ही टेस्ट असते, ड्युशेन या स्नायूंच्या आजारासाठी एमएलपीए, आणि हिमोफिलियातल्या इन्व्हर्जनची टेस्ट वेगळी सांगावी लागते.