एडिनबरा: चॅरिटी शॉपची खरेदी आणि काउगेटमधल्या रात्री

चॅरिटी शॉप, म्हणजे धर्मादाय संस्थांची दानात आलेल्या जुन्या वस्तूंची दुकाने, धुंडाळण्यासाठी स्कॉटलंडमधल्या एडिनबऱ्याला जाणाऱ्यांनी जुन्या शहरात, विशेषतः काउगेट या रस्त्यावर, मुक्काम करू नये. ‘मध्यवर्ती भागातील शांत इमारत’ असे जाहिरातीत वाचून आम्ही तेथे खोली घेतली. शनिवारी रात्री तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

नकाशा येथे फसवतो. काउगेट हा साउथ ब्रिजला चौकात छेदतो असे नकाशावर वाटते. प्रत्यक्षात तो पुलाच्या कित्येक मजले खालून जातो. १७८८ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत, पण त्यांपैकी काउगेटवरची एकच उघडी दिसते. बाकीच्या इमारतींमागे दडल्या आहेत. परिणामी रस्ता उंच दगडी भिंतींमधल्या घळीसारखा झाला असून खालच्या पबांतून व नाइटक्लबांतून बाहेर पडणाऱ्यांचे ओरडणे थेट वरच्या खोल्यांत चढते. क्लब रात्री तीनपर्यंत चालतात आणि ऑगस्टच्या महोत्सवात पहाटे पाचपर्यंत. ते बंद होऊन गलका ओसरतो न ओसरतो तोच गाडी येते आणि रिकाम्या बाटल्यांनी भरलेली पिंपे खिडकीखालीच तिच्यात ओतली जातात. कानांतल्या फोमच्या बोळ्यांनी माणसांचे आवाज कमी होतात, पण संगीताचा ठोका भिंतीतून पलंगापर्यंत पोहोचतो; त्यावर बोळ्यांचा काहीही उपयोग नाही.

हा भाग १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि येथील बहुतेक जुन्या इमारती संरक्षित असल्याने खिडक्या सहजासहजी बदलता येत नाहीत, म्हणून एकेरी काचेच्या, वरखाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या अनेक ठिकाणी तशाच राहिल्या आहेत. बुकिंगपूर्वी दोनच प्रश्न लेखी विचारावेत: खिडकी रस्त्याकडे आहे की मागील अंगणाकडे, आणि काच दुहेरी आहे का. उत्तर टाळले गेल्यास ती जागा सोडावी. आमच्याकडून बुकिंगच्या शेवटच्या पानावर सफाईचे आणि रात्री उशिरा किल्ली घेण्याचे वेगळे पैसे लावण्यात आले. म्हणून दर रात्रीचा आकडा न पाहता एकूण रक्कम पाहावी. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना पालिकेचा पाच टक्के पर्यटक कर आहे, तोही सलग पहिल्या पाच रात्रींपुरताच. त्या नावाखाली अधिक मागणाऱ्याकडे हिशेब मागावा.

खरेदीसाठी तरी जुन्या शहरात राहण्याचे कारण नाही, कारण चांगली दुकाने स्टॉकब्रिज या वस्तीतल्या रेबर्न प्लेस रस्त्यावर आणि मॉर्निंगसाइड रोडवर आहेत. पुस्तकांसाठी रेबर्न प्लेसवरचे ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेचे दुकान पाहावेच. सुखवस्तू वस्तीतल्या कपाटांतून निघालेले कपडे या दोन्ही रस्त्यांवरच्या दुकानांत येतात, आणि त्याचा फरक हाताला लगेच कळतो. मला मिळालेला हॅरिस ट्वीडचा कोट पंचवीस पौंडांना पडला, आणि त्याच्या आनंदात रात्रीचा सारा शीण निघून गेला. लांबून तपकिरी दिसणाऱ्या त्या कापडात जवळून पाहिले की शेवाळी, केशरी आणि निळे धागे वेगवेगळे ओळखू येतात. आतल्या चिठ्ठीवर गोल आणि वर क्रूस अशी मुद्रा असल्याची खात्री करावी. १९९३ च्या कायद्यानुसार आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवून कातलेल्या लोकरीचे, तेथील रहिवाशांनी स्वतःच्या घरी हाताने विणलेले कापडच या नावाने विकता येते.

लोकरीचा कपडा घेताना काख, कोपर आणि कॉलरची खालची बाजू उजेडासमोर धरावी. कसर लागलेली असेल तर टाचणीएवढी भोके लगेच दिसतात. असा कपडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण तो घरातल्या इतर लोकरीचेही नुकसान करतो. अस्तर फाटलेले चालेल, आपल्याकडचा शिंपी ते बदलून देतो. कोट घडी घालूनही अर्धी बॅग अडवतो, त्यामुळे परतीच्या सामानाचे वजन आधी मोजावे.

बोटॅनिक गार्डन स्टॉकब्रिजला लागूनच आहे आणि तेथील सकाळ छान गेली. दुकाने मात्र बहुधा पाचच्या सुमारास बंद होतात व रविवारी उशिरा उघडतात, म्हणून आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळीच जावे. शहराच्या मध्यभागातून स्टॉकब्रिजला उतरताना चालत जावे. परतीची चढण पिशव्यांसह त्रासदायक होते, तेव्हा २४ किंवा २९ क्रमांकाची बस घ्यावी आणि कार्डानेच पैसे द्यावेत, कारण चालक सुटे परत देत नाही.