हुडाची काच

जूनच्या पहिल्या आठवड्यात गंगापूर रोडवरचे एक डॉक्टर त्यांची छत उघडणारी गाडी घेऊन नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या दुकानात आले. मागच्या काचेच्या वरच्या कडेला तपकिरी पॅकिंग टेप लावलेली. मी ती हळूच सोडवली, तर कापडाची अख्खी कड सुटली आणि काच आत कलली. खालची कड आणि डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं बाष्प घालवणाऱ्या तारांच्या, दोन वायरी एवढ्यावरच ती तोलून राहिली होती. दुसऱ्या ठिकाणी त्यांना पूर्ण छतच बदलायला सांगितलं होतं. कापड मात्र चांगलं होतं, कुठे विरलेलं नव्हतं. मला ते टाकून द्यायला नको वाटत होतं.

आमच्या दुकानातल्या आण्णांनी सगळं आयुष्य जीप आणि रिक्षांची हुडं शिवण्यात घालवलं. जीपच्या हुडाला मागे प्लॅस्टिकची खिडकी असते, ती दुहेरी टीप मारून शिवतात. इथे काच. सुई चालणार नाही, सगळा भार चिकटवणीवर. आमचं नेहमीचं सोल्युशन रेक्झिनला फोम लावायला उत्तम, पण उन्हात तापून ते मऊ पडतं. म्हणून विंडशील्ड बसवायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनची चिकटवण, आणला.

पहिल्या खेपेला मी चुकले. छत पुढे लॉक केलेलं तसंच ठेवलं, पीयूची धार ओढली, कापड दाबलं, वरून टेप लावल्या. सकाळी शटर उघडलं तर वरची कड चारेक मिलिमीटर सरकलेली. छत लॉक केलं की सांगाडा कापड ताणून धरतो, आणि ओल्या पीयूत ती ओढ थोपवायची ताकद नसते. आण्णा बराच वेळ बोटाने ते कापड दाबून बघत होते. मग म्हणाले, "पोरी, जीपला हूड चढवताना आपण आधी बक्कलं सैल सोडतो ना? मग इथं का नाही सोडत?"

पुढचं लॉक काढलं, छत वीतभर उचलून खाली लाकडी ठोकळा दिला. कापड सैल पडलं आणि न ओढता काचेवर येऊन टेकलं. मला जे दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं.

पण आधी सगळं पुन्हा साफ करणं आलं, आणि खरी मेहनत तिथेच गेली. जुना पीयू काचेला घट्ट होता, सुटलं होतं ते कापड. असा पीयू मुळापासून खरवडायचा नाही. धारदार ब्लेडने कापून एक मिलिमीटरभर थर ठेवायचा, ताज्या कापलेल्या जुन्या थरावर नवा पीयू छान धरतो. जिथे काच उघडी पडली तिथे काळा प्रायमर. कापडाच्या बाजूला कुणीतरी पूर्वी इन्स्टंट ग्लू ओतला होता, त्याची कडक खपली झालेली. छताचं कापड एकेरी नसतं, बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये रबराचा थर असतो. थिनर लावला तर रबर फुगतं. त्यामुळे बोथट सुरी, नखं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा, अशा दोन दुपारी गेल्या. तरी बरं, सिलिकॉन लावलेलं नव्हतं. त्याचा अंश राहिला तर त्यावर पीयू धरतच नाही.

दाब द्यायला लोखंडी क्लॅम्प वापरायची माझी हिंमत झाली नाही. ही टफन्ड काच असते, कडेवर एका बिंदूत दाब आला तर क्षणात तिचा चुरा होतो. आतून सीटवर फोमचे तुकडे रचून काचेला आधार दिला. बाहेरून जुन्या ब्लँकेटची घडी लावलेल्या प्लायच्या पट्ट्या, त्यावर रेक्झिनच्या वाळू भरलेल्या लांबट पिशव्या. उतारावर त्या घसरू नयेत म्हणून नवारीने बांधल्या. पिशव्या आण्णांनीच शिवल्या, आणि टीप इतकी सरळ की मी त्या उलटसुलट करून बघत राहिले.

त्याच रात्री पाऊस सुरू झाला. डॉक्टरांना काळजी वाटली, पण पीयू हवेतल्या ओलाव्यानेच पिकतो, चोवीस तासांत साधारण तीन मिलिमीटर. चिकटवताना जागा कोरडी असली की झालं. तीन दिवस आम्ही हात लावला नाही. चौथ्या दिवशी छत लॉक केलं आणि पाइपने खालून वर पाणी मारत गेले. डाव्या कोपऱ्यात आत एक थेंब उतरला. कोपऱ्यात कापडाला चुणी पडते, तिथे धार तुटली होती. ती चुणी उचलून पुन्हा भरली, पुन्हा तीन दिवस थांबलो.

डिफॉगरच्या वायरी टेस्ट लॅम्पने तपासल्या, दोन्ही चालू आहेत. थंडीत पहाटे निफाडकडे जाताना डॉक्टरांना त्या लागतील. छत आणखी आठवडाभर उघडू नका, असं त्यांना सांगितलं. त्यांनी पंधरा दिवस उघडलं नाही. परवा ते दुकानासमोर थांबले आणि छत मागे घेतलं. आण्णा उठून गाडीपाशी गेले, काच घडीत शिरेपर्यंत वाकून बघत राहिले, आणि छत परत वर आल्यावर डाव्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.