ढिल्या गुडघ्याचे मिलिमीटर

एमआरआयच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, एसीएल अर्धवट फाटलेलं. एसीएल म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, एक मजबूत पट्टाच. चालताना फारसं दुखत नव्हतं, सूजही उतरली होती. नागपूरच्या रेशीमबागेत कबड्डीची चढाई करून मागे वळलो की मात्र गुडघा दगा द्यायचा. आमच्यातला एक जण म्हणायचा, "अर्धं तर आहे ना बे, मग काहून घाबरून राहिला?"

धंतोलीतल्या डॉक्टरांनी वेगळाच मुद्दा काढला. लिगामेंट किती फाटलं हे फोटोत दिसतं, उरलेलं लिगामेंट हाड किती धरून ठेवतं हे फोटोत कळत नाही. हातानं नडगी पुढे ओढून केलेल्या लॅकमन टेस्टमध्ये त्यांना ढिलेपणा जाणवला होता, पण ऑपरेशन ठरवायला त्यांना आकडा हवा होता. म्हणून आर्थ्रोमीटर, म्हणजे गुडघ्याचा ढिलेपणा मोजणारं यंत्र.

आर्थ्रोमीटर दिसायला साधा. मांड्यांखाली आधार देऊन दोन्ही गुडघे पंचवीस-तीस अंशांत वाकवले, पावलं एका चौकटीत सारखी टेकवली. नळीसारखं यंत्र नडगीवर पट्ट्यांनी बांधलं. त्याची एक गादी गुडघ्याच्या वाटीवर, दुसरी खालच्या हाडाच्या उंचवट्यावर. फिजिओ मॅडमनी वाटी एका हातानं दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं मूठ वर ओढली. ठरलेला जोर आला की यंत्र बीप करतं: ६७, ८९ आणि १३४ न्यूटनला. शेवटचा जोर म्हणजे जवळपास साडेतेरा किलो वजनाचा. वाटीच्या तुलनेत नडगी किती पुढे सरकली ते डायलवर मिलिमीटरमध्ये दिसतं.

आधी चांगला पाय मोजला, आणि तेच बरोबर आहे. काहींचे गुडघे जन्मतःच सैल असतात, त्यामुळे नुसत्या एका पायाच्या आकड्याला अर्थ नाही. दोन पायांतला फरक बघायचा. तो ३ मिलिमीटर किंवा जास्त आला की एसीएलबद्दल शंका पक्की होत जाते.

दुखऱ्या पायाचा पहिला आकडा मजेत चांगला आला. मॅडम हसल्या. "तुम्ही मांडी आवळून धरली आहे, मागचे स्नायूच हाड ओढून धरताहेत. पाय माझ्या हातात सोडून द्या." सोडून द्या म्हणणं सोपं आहे हो! त्यांनी घरचं, जेवणाचं काहीबाही विचारत मला बोलतं ठेवलं आणि मधेच मूठ ओढली. फरक निघाला ५ मिलिमीटर.

तरी माझा प्रश्न उरलाच होता, कारण माझा पाय वळताना सुटायचा आणि हे यंत्र फक्त पुढे-मागे मोजतं. फिरकीतला ढिलेपणा बघायला पिव्हट शिफ्ट नावाची टेस्ट करतात: पाय सरळ धरून आत वळवायचा, बाहेरून दाब द्यायचा आणि हळूहळू वाकवायचा. पुढे निसटलेलं हाड तीसेक अंशांपाशी खट्‌कन जागेवर येतं. जागेपणी ती माझ्यावर नीट झालीच नाही. शरीर आधीच ओळखतं आणि आखडतं.

ती झाली ऑपरेशन टेबलावर. कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे मी जागा होतो पण पाय माझा नव्हता. डॉक्टरांनी नडगीवर हाड किती वेगानं हिसका देतं ते मोजणारा छोटा सेन्सर बांधला आणि पाय फिरवला. मला काहीच कळलं नाही, पण त्यांच्या हाताला झटका बसलेला पडद्याच्या कडेनं दिसला. चांगल्या पायाला तसं काही झालं नाही. "ग्रेड तीन," ते सहायकाला म्हणाले. तीन म्हणजे सगळ्यात वरची. त्यावरूनच त्यांनी नवं लिगामेंट बसवताना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगालाही एक जादा आधार दिला. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी ही शक्यता मला समजावून सांगितली होती.

नंतरच्या तपासणीत आर्थ्रोमीटरवर फरक २ मिलिमीटरच्या आत आला. मी लगेच मैदानाचं विचारलं. मॅडमनी मांडीच्या ताकदीचा तक्ता पुढे केला: दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर जाईपर्यंत चढाई नाही, आणि एका पायावरच्या उड्याही तेवढ्या जमल्या पाहिजेत. सध्या मी उड्यांवर आहे.